कानाशी धरलेली शेंग

९ जानेवारी

वहिनी,

पोचले. खोली उघडली तर ओट्यावर मी निघताना विसरलेला कांदा होता आणि त्याला वीतभर कोंब फुटला होता. माझ्यामागे घरात कुणीतरी वाढत होतं, याचं बरं वाटलं.

दर रविवारी फोन करीनच. पण फोनवर तू 'सगळं छान' म्हणणार आणि मी 'वा वा' म्हणणार. दुसरं काय बोलणार? दोन खोल्यांच्या घरात अप्पांच्या कानावर पडल्यावाचून काही राहत नाही. झटक्याने त्यांची वाचा नेली, उजवा हात नेला, कान मात्र जागच्या जागी ठेवले. तेव्हा खरं ते पत्रात लिहायचं, असं ठरवू या.

आता सूचना. 'आल्या मोठ्या आहारतज्ज्ञ' म्हणून तू नाक मुरडशील. मुरड. पण इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी दिवसभर हेच करते, तर बापाच्या वेळेला गप्प कशी बसू?

अप्पांचा घसा आता घास नीट ओळखत नाही. म्हणून सगळं वाटून, गाळून, चमचा उलटा केला तरी चिकटून राहील इतकं दाट. साल नको, धागा नको. गाजर, भोपळा शिजला की त्यात थोडं तेल घाल. त्या केशरी रंगातलं सत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. भाजी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नकोस, त्यातच वाट. निवडण्या-चिरण्यात वेळ घालवू नकोस, तुझी शिवणकामं पडली आहेत. गोठवलेल्या भाज्यांची पाकिटं आण, सत्त्वाला त्या कमी नसतात. अप्पांना ताठ बसव, हनुवटी किंचित खाली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जेवताना शांतता. दार लोटलेलं, टीव्ही बंद, तुझं मशीन बंद, दादाचं बोलणं बंद. लक्ष उडालं की ठसका लागतो.

सोबत साचे पाठवतेय. दाट वाटण त्यात घातलं की गाजराचं गाजर आणि मटाराचा मटार दिसतो. इथले रुग्ण खूश होतात.

तुझी,
सूचनाबाई


२४ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलंय. तुमचे दादा येता-जाता वाचतात आणि 'दादाचं बोलणं बंद' या ओळीशी थांबून उसासा टाकतात.

अप्पांचं जेवण उत्तम चाललंय. काळजी नसावी.

साच्यांचं मात्र फारसं जमलं नाही. गाजराच्या साच्यातलं गाजर समोर ठेवलं, तर अप्पांनी डाव्या हाताने ताटली गोल फिरवून ते चहूबाजूंनी बघितलं. मग मला बघितलं. उभा जन्म भाजीचा गाळा चालवलेल्या माणसाला मी खोटं गाजर विकायला आणलं होतं. वाचा असती तर काय म्हणाले असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. मटाराच्या साच्यात आता माझी बटणं राहतात.

शांतता अगदी तुम्ही म्हणालात तशी. दार लोटते आणि आम्ही दोघं समोरासमोर बसतो, चमच्याचासुद्धा आवाज होऊ देत नाही. मशीन बंद, म्हणून त्या वेळात हातशिलाई उरकते. अप्पांचे सदरे दोन्ही बाजूंनी आत घेतले. पायजम्यांच्या नाड्या बदलल्या. गॅलरीतल्या घेवड्याच्या वेलाला दोरी बांधली.

एक गंमत सांगते, हसू नका. गाळ्यावर चांगला माल उतरला की अप्पा वजनकाट्याच्या फळीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे ना? ती टकटक मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकली, एका कोबीसाठी. इतकी वर्षं मी त्यांना जेवू घालतेय. त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण माझ्या ताटाशेजारी ती टकटकही कधी झाली नाही. त्या कोबीशी माझं अजून वैर आहे.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

तू शिवणारी बाई आहेस, पण खोटं तुला शिवता येत नाही. लगेच शिवण उसवते. एकाच पत्रात 'जेवण उत्तम' आणि 'सदरे आत घेतले'. सदरा काय आपला आपण सैल होतो?

मी रागावलेली नाही. फक्त खरं लिही.

तोवर इथलं सांगते, म्हणजे तुला धीर येईल. आमच्या स्वयंपाकघरात इतक्या देशांची माणसं आहेत, की साधी काकडी चिरायची तरी पंचायत भरते. एकीच्या गावी काकडी गरम रश्शात घालतात, ते ऐकून दुसरीला घेरी येते. एक जण कच्चा सलगम सफरचंदासारखा खातो. आमचा मुख्य आचारी, त्याला सगळे पहिलवान म्हणतात, तो सांगतो की गाजर निखाऱ्यावर भाजावं, कच्चं गाजर घोड्यांसाठी.

मागे एक म्हातारी आली होती, फार लांबच्या देशातली. भोपळ्याचं वाटण दिलं की ताटली सरकवायची. आम्ही मीठ बदललं, मसाला बदलला, सगळं करून दमलो. शेवटी तिची लेक भेटायला आली तेव्हा कळलं, की त्यांच्याकडे भोपळ्याची पानं आणि फुलं माणसं खातात आणि भोपळा गुरांना घालतात. बाई रोज मनात म्हणत असणार, यांनी मला गोठ्यात बांधलंय. मग आम्ही पाला वाटून दिला. तिने बोट फिरवून वाटी पुसली. माणसाचं जेवण कुठे अडलंय, ते दर वेळी पोटात सापडत नाही.

माझं काय, मी नळाशी उभ्या उभ्या दोन घास गिळते आणि कामाला लागते. पहिलवान ओरडतो, "बसून खा की, घोडी आहेस का?"

अप्पांचं वजन काय आहे? 'छान', 'उत्तम' नकोत, आकडा नको असेल तर 'किती गेलं' तेवढं सांग.

तुझी,
सूचनाबाई


२० फेब्रुवारी

वन्सं,

पकडलंत. आता सगळं लिहिते.

अप्पा जेवत नाहीत. पहिले काही घास घेतात, मग ओठ मिटतात आणि तोंड दाराकडे वळवतात. ते लोटलेल्या दाराकडेच बघत राहतात. मी चमचा घेऊन बसते, वाटण गार होतं, मी गरम करून आणते, ते पुन्हा गार होतं. आत घेतलेले सदरे पुन्हा सैल झालेत. दुसऱ्यांदा आत घ्यायला माझा हात धजत नाही.

डॉक्टर म्हणाले, मार्चअखेर दाखवायला आणा. तोवर वजन असंच उतरत राहिलं तर अन्नासाठी पोटात नळी घालावी लागेल. हे म्हणाले, "बहीण म्हणेल तसं करू. ती रोज हेच बघते." म्हणजे वन्सं, तुमच्या एका शब्दावर ठरणार आहे. तुमच्या डोक्यावर ओझं टाकायचं नव्हतं म्हणून मी 'उत्तम' लिहीत राहिले. चुकलं.

काल जे झालं ते तर मनाला फार लागलं. दुपारी त्यांनी तोंड मिटलं, म्हणून मी वाटी झाकली आणि बाहेर येऊन आमच्या भाजीसाठी शेंगा मोडायला बसले. गोठवलेल्यांचा कंटाळा आला होता म्हणून ताज्या आणल्या होत्या. दार चुकून उघडं राहिलं. सहज मान वर केली तर अप्पा माझ्याकडे तोंड करून बसलेले, आणि तोंड उघडं. लहान मूल घासाची वाट बघतं ना, तसं. मी धावत वाटी घेऊन गेले, दार लोटलं, चमचा पुढे केला, तर ओठ पुन्हा बंद.

अर्थ सरळ आहे. आम्ही खातो ते त्यांना हवंय, मी देते ते नकोय. वन्सं, ते माझ्या हाताला विटलेत. मी ओट्याशी जाऊन पदराने तोंड पुसलं, आणि हे विचारत बसले, "कांदा चिरतेस का?" कांदा घरातच नव्हता.

नळीचं काय ते कळवा. लवकर कळवा.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

आधी नळीचं. नळी वाईट नाही. मी इथे कितीतरी घरांना हे समजावून सांगते आणि मनापासून सांगते. नळीने माणसं जगतात, पुन्हा धडधाकट होतात, काहींची नळी पुढे निघतेही. तेव्हा मार्चअखेर वजन उतरतच असेल, तर दादाला माझा होकार सांग. मला पुन्हा विचारू नका. मी इथे दुसऱ्यांच्या वडिलांसाठी हे वाक्य सहज म्हणते. आपल्यासाठी लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

आता दुसरं. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि ते शेंगांचं वाचून उठून उभी राहिले.

वहिनी, तू आलीस तेव्हा मी मोठी झाले होते. त्याआधीचं तुला माहीत नाही. मी लहान असताना अप्पा मला गाळ्यावर पोत्यावर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि कानाशी भाजी वाजवायचे. शेंग मोडायचे, दुधीवर टिचकी मारायचे, कोबी दोन्ही हातांनी दाबायचे. "सांग, ताजी की शिळी?" मी ओळखलं की म्हणायचे, "भाजीवर पाणी मारून डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही. आधी कानाला जेवू दे, मग तोंडाला." घरी आल्यावर आई वरण ढवळताना ओरडायची, "पोरीला भाज्यांची भाषा शिकवताय, पाढे कोण शिकवणार?"

अप्पांनी जन्मात कधी आवाज न ऐकलेली भाजी तोंडात घातली नाही. आणि मी तुला काय सांगितलं? चिरलेली पाकिटं आण, दार लोट, सगळं बंद कर. ते दाराकडे बघत नव्हते गं, ऐकत होते. दारामागे काही वाजतंय का, ते. आणि काही वाजत नव्हतं. कुठून आलीय हे कळत नाही अशी भाजी रोज समोर येत होती.

माझा अंदाज चुकीचाही असेल. पण हे करून बघ. ताजी शेंग त्यांच्या कानाशी मोड. तीच त्यांच्यासमोर शिजायला टाक, तीच वाटून दे. वाटण दाटच हवं, बसणं ताठच हवं, आणि घास तोंडात असताना गप्प राहायचं; त्यात सूट नाही. आवाज घासाच्या आधी.

आणि ते तुझ्या हाताला विटले असं पुन्हा लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन.

तुझी,
सूचनाबाई (सूचना मागे घेतलेली)


१८ मार्च

वन्सं,

भिंतीवरचं तुमचं पत्र काढलं नाही, पण 'दार लोटलेलं' वर हातशिलाईच्या दोऱ्यासारखी एक लाल रेघ ओढली.

पहिल्या दिवशी शेंग मोडली तर अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग डावी भुवई वर गेली. दुसरी मोडली. त्यांनी तोंड उघडलं. मी घाबरून हाक मारली, "अहो, वाटण कुठाय?" हे म्हणाले, "अजून शेंगच शिजायचीय, त्यांना काय कच्ची देतेस?" मग आम्ही तिघं कुकरकडे बघत बसलो. असा लांबलेला कुकर मी आयुष्यात पाहिला नाही.

अर्धी वाटी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. परवा पूर्ण.

पण वन्सं, तुमचे वडील म्हणजे महाकठीण गिऱ्हाईक. मंगळवारी शेंगा जरा मऊ निघाल्या. मोडल्यावर 'कट्' व्हायच्या ऐवजी नुसत्याच वाकल्या. अप्पांनी मान फिरवली आणि त्या भाजीला तोंड लावलं नाही. आता बाजारात मी एकेक शेंग मोडून, कानाशी नेऊन घेते. कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणते, "बाई, भाजी घेताय की सतार?" मी म्हटलं, "सासऱ्यांना विचारून सांगते."

पाल्याला आवाज नसतो, त्यावर मी बराच विचार केला. मग जुडी पाण्यात बुडवली आणि त्यांच्याजवळ जाऊन जोरात झटकली. अप्पांच्या चेहऱ्यावर शिंतोडे उडाले. हे ओरडले, "वडील आहेत ते, तुळस नव्हे." अप्पांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

पण वजनाचं अजून काही कळत नाही. सदरे तसेच लोंबतात. आठवड्याने दाखवायला न्यायचंय. तुमच्या होकाराचा कागद ह्यांच्या खिशात आहे. तो काढावा लागेल की नाही, मला ठाऊक नाही. रात्री मी काही मागत नाही कुणाकडे, पण हल्ली शेंगांकडे मागते.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

वजन वाढलेलं नाही, पण उतरायचं थांबलंय. डॉक्टर कागद खालीवर करून बघत होते, तेव्हा ह्यांनी खिशात हात घातला होता. डॉक्टर म्हणाले, "नळीचं आत्ता नको. महिन्याने बघू. काय बदललंत?" हे म्हणाले, "दार उघडं ठेवलं." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'हवा चांगली' असं काहीतरी लिहिलं. आम्ही दुरुस्त करायला गेलो नाही.

महिन्याने काय होईल ते तेव्हा. तुमचा होकार ह्यांनी घरी येऊन कपाटात ठेवला, फाडला नाही. तेच बरं.

आता जे सांगायला मी पत्र लिहायला बसले, ते. काल कोबी केला. हो, तोच वैरी. त्यांच्या कानाशी धरून दोन्ही हातांनी दाबला, चरचर वाजला. त्यांच्यासमोर चिरला, मऊ शिजवला, थोडं तेल, थोडं जिरं, मग वाटून गाळून दिला. वाटी रिकामी झाली. मी उठून वाटी उचलली, तर मागून आवाज आला. वळले. अप्पांचा डावा हात खुर्चीच्या फळीवर होता. मी विचारलं, "आणखी हवाय?" त्यांनी मान हलवली, नाही. आणि पुन्हा केलं. बोटाच्या पेराने. दोनदा.

मी ओट्याशी गेले आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले. हे काही विचारायला आले नाहीत. शहाणे झालेत.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही माझे सदरे पकडलेत, मी गप्प बसेन असं वाटलं? या सगळ्या पत्रांत तुम्ही जगातल्या माणसांनी काय खाल्लं ते लिहिलंत. काकडी झाली, सलगम झाला, म्हातारीचा भोपळा झाला. तुम्ही काय खाल्लं, ते एकदाच, आणि तेही नळाशी उभ्यानं. निघताना ओट्यावर विसरलेल्या कांद्याला कोंब फुटतो, त्या घरात किती स्वयंपाक होत असेल, ते मला कळतं. वन्सं, तुमच्याही घरात काही वाजत नाही ना?

हे मी अप्पांपाशी बोलले. चांगलं मोठ्याने बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गॅलरीकडे हात केला. वेलावर बियांसाठी ठेवलेल्या शेंगा वाळल्या होत्या. मी एकेक काढून त्यांच्या कानाशी हलवली. ही नको, ही नको, ही पण नको. मग एका शेंगेला टकटक झाली. ती वेगळ्या छोट्या पाकिटात बंद करून सोबत पाठवतेय. पाकीट उघडण्याआधी कानाशी धरून हलवा. ही माझी नाही, त्यांची सूचना.

वहिनी


१६ एप्रिल

अप्पा,

हे पत्र वहिनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. वहिनी, दार उघडं ठेव.

पाकीट इस्पितळाच्या पत्त्यावर आलं. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून कानाशी हलवत होते, तर पहिलवान हातातला झारा ठेवून आला. तुम्ही त्याला ओळखत नाही. तो फार लांबचा आहे आणि कच्च्या गाजराला घोड्याचं खाणं म्हणतो. "काय आहे?" मी पाकीट त्याच्याकडे दिलं. त्यालाही कुणी सांगितलं नाही, पण त्याने ते डोळ्यांसमोर धरलं नाही, सरळ कानाशी नेलं. हलवलं. मग आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, आणि मला कळेल असं म्हणाला, "पिकलेली आहे. माझी आजी अशीच निवडायची." पाकीट पुढे गेलं. काकडीवाली, सलगमवाला, भांडी घासणारी, सगळ्यांनी कानाशी धरून ऐकलं. तुमची शेंग सगळ्यांच्या कानांतून फिरून मगच उघडली, अप्पा. सगळे दाणे भरलेले निघाले. एक सोडून सगळे कुंडीत पेरलेत. तो एक माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

संध्याकाळी घरी जाताना बाजारात थांबले. शेंगा मोडून घेतल्या. इथला भाजीवालाही कुरकुरला. ही जात सगळीकडे सारखीच. घरी खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता, तो उचलून पलंगावर टाकला आणि खुर्ची ओट्याशी ओढली. डोळे मिटले. एक शेंग कानाशी धरून मोडली.

ताजी होती, अप्पा. बरोबर ओळखलं.

मग मी ती शिजवली, ताटात वाढली आणि बसून जेवले. मीठ थोडं जास्त झालं. सवय गेलीय, येईल. जूनमध्ये रजा मंजूर झाली आहे. तेव्हा मी तुमच्या कानाशी वाजवेन आणि तुम्ही ओळखायचं, मग जेवण वाटीतून जात असो की नळीतून. पोत्याऐवजी मी वहिनीच्या शिवणाच्या पेटीवर बसेन.

पत्राच्या शेवटी दोन टकटक आहेत. एक तुम्हाला, एक कोबी करणारीला.

वहिनी, त्या वाचू नकोस, वाजव.